अंड्यातलं गाव

आमच्या घरात अंडं शिरलं ते फोटोग्राफीच्या वाटेनं.

तुम्ही हसाल, पण त्या दिवशी आमच्याकडे कोणी हसलं नाही. आमच्या घरात चातुर्मासात कांदासुद्धा दाराबाहेर थांबतो. मागे एकदा अशक्तपणावर डॉक्टरांनी मला अंडी सुचवली, तेव्हा हिनं अंडी आणण्याऐवजी डॉक्टर बदलला. अशा घरात मी वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, कापडी पिशवीत दीड डझन अंडी तान्ह्या बाळासारखी छातीशी धरून, चोरपावलांनी शिरलो. बँकेत छत्तीस वर्षं लोकांच्या नोटा मोजल्या, पण इतका घाम कधी फुटला नव्हता.

“काय आणलंत?” स्वैपाकघरातून आवाज आला.

“फोटोचं सामान.”

हे शंभर टक्के खरं होतं. पण नवऱ्याचं खरं बोलणं पचवायची बायकांना सवय नसते. ही बाहेर आली, पिशवीत डोकावली, आणि मटकन खुर्चीत बसली. मग अगदी शांतपणे म्हणाली, “अहो, फोटो काढतात ना? की तळतात?”

आता हे सगळं जरा मुळापासून सांगायला हवं.

माझे एक चुलत आजोबा कराडला फोटो काढत. लग्न, मुंज, साठीशांत. गिऱ्हाईक बसवायचं, मान सरळ करायची, ‘हलू नका’ म्हणून दम द्यायचा, हा त्यांचा धंदा. पण १९५० च्या सुमारास एकदा गावी आलेले असताना त्यांनी वरच्या टेपावर तिकाटणं उभं केलं आणि कोयनेच्या खोऱ्यातल्या आमच्या गावाचाच एक फोटो घेतला. त्यात नवरा नाही, नवरी नाही, मुंजा नाही, नुसतं गाव. घरातली मंडळी या उधळपट्टीवर चिडली होती म्हणे. “गावाचा कसला फोटो काढायचा? गाव कुठं पळून जातंय?”

१९६० नंतर धरणाचं पाणी चढलं आणि गाव खरोखरच गेलं. पळून नाही, बुडून.

त्या फोटोची छापलेली प्रत कुठंच उरली नाही. उरली ती फक्त काच. गेल्या वर्षी माळा आवरताना जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली ती हाफ प्लेट माझ्या हाती आली. उजेडाकडे धरली तर घरं पांढरी, सावल्या लख्ख आणि आभाळ काळंकुट्ट. निगेटिव्हचा धर्मच तो. सगळा जमाखर्च उलटा.

माझी आत्या त्या गावातली. आता नव्वदीची आहे आणि दोन बोळ पलीकडे तिच्या मुलाकडे असते. माझ्या नातवानं काच खिडकीला टेकवली, मोबाइलनं टिपली, काळ्याचं पांढरं केलं, आणि मिनिटाभरात गाव तयार! आम्ही धावत आत्याकडे. तिनं चष्मा सावरला, मोबाइल नाकाशी नेला, देवळाच्या कळसावर बोट ठेवलं. बोट लागल्याबरोबर गाव सर्रकन सरकलं आणि तिथं कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक आला. आत्यानं मोबाइल परत दिला.

“बुडालं एकदा, तेवढं पुरे,” ती म्हणाली. “मला हातात धरता येईल असं काही दे बाबा. डोळे आहेत तोवर.”

मी काच घेऊन एका फोटोच्या दुकानात गेलो. तिथल्या मुलानं ती उलटसुलट पाहिली आणि म्हणाला, “काका, स्कॅन करून मगवर छापून देऊ का?” आपलं बुडालेलं गाव मगवर छापून त्यात चहा ओतायचा, ही कल्पना काही मला सोसवेना. मी काच उचलून सरळ वाचनालय गाठलं. निवृत्त माणसाला कुठलाही प्रश्न पडला की तो वाचनालयातच जातो. तिथं पंखा असतो.

आणि तिथं मला सॅम्युअल बोर्न भेटला.

या बोर्नबद्दल मला एकदम आपुलकी वाटली, कारण तो बँकेत कारकून होता. इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमच्या बँकेत खतावण्या लिहिता लिहिता त्याला फोटोचा नाद लागला, त्यानं नोकरीवर पाणी सोडलं आणि १८६३ मध्ये तो हिंदुस्थानात आला. मलाही बँकेत असताना नोकरी सोडावीशी अनेकदा वाटलं होतं. पण मला प्रॉव्हिडंट फंड दिसायचा, त्याला हिमालय दिसायचा. एवढाच काय तो फरक.

त्याच वर्षी जुलैअखेर, म्हणजे शहाणा माणूस छत्री दुरुस्त करायला टाकतो त्या दिवसांत, हा सिमल्याहून तीसएक हमाल घेऊन डोंगरात शिरला. इतके हमाल कशाला? तर त्या काळी फोटो काढायचा म्हणजे सगळा कारखाना बरोबर न्यावा लागे. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चरनं ओल्या काचेची रीत काढली होती. काचेवर कोलोडियन नावाचा चिकट रस ओतायचा, ती तंबूतल्या अंधारात चांदीच्या पाण्यात बुडवायची, आणि ओली आहे तोवर कॅमेऱ्यात घालून, फोटो घेऊन, परत तंबूत पळत येऊन धुवायची. दहा-पंधरा मिनिटांत सगळा खेळ. काच वाळली की फोटो गेला. मैदानात उन्हाळा असेल तर रसातलं ईथर हां हां म्हणता उडून जाई. डोंगरात थंडी असेल तर बोटं कामातून जात. तरी हा गृहस्थ त्या पहिल्या सफरीत दहा आठवड्यांत १४७ निगेटिव्ह घेऊन परतला. पुढे १८६६ मध्ये त्यानं मणिरंगच्या खिंडीत, सुमारे १८,६०० फुटांवर, फोटो घेतले. इतक्या उंचीवर त्याआधी कोणी फोटो काढला नव्हता आणि पुढची वीसएक वर्षं कोणी काढलाही नाही.

हे सगळं त्यानं स्वतःच विलायतेतल्या मासिकात लिहून ठेवलं आहे. हमाल पळून जातात, कामचुकार आहेत, त्यांना काठी दाखवावी लागते, याच्या तक्रारीही मनसोक्त केल्या आहेत. पण डोक्यावर काचांच्या पेट्या घेऊन बर्फातून चाललेल्या त्या माणसांची बाजू कोणी मासिकात छापली नाही. बँकेतही असंच असतं. अहवालावर सही साहेबाची, आणि पेट्या शिपायानं उचललेल्या.

पण मी थांबलो ते पुढच्या मजकुरावर. काच हे काम अर्धंच. खरा फोटो व्हायचा तो कागदावर, आणि त्या कागदाला लागायचं अंडं! १८५० मध्ये ब्लांकार-एव्रार नावाच्या फ्रेंच माणसानं ही युक्ती जाहीर केली. अंड्यातला पांढरा बलक घुसळायचा, त्यात मीठ घालायचं आणि कागद त्यावर तरंगवायचा. वाळला की कागदाला तुळतुळीत पापुद्रा येतो. मग त्यावर चांदीचा हात फिरवला की तो उन्हात काळा पडू लागतो. चित्र कागदात न मुरता वर पापुद्र्यात राहतं, म्हणून बारीकसारीक रेघही स्पष्ट उठते. पुढची चाळीसएक वर्षं जगातले बहुतेक फोटो या अंड्यावरच छापले गेले. जर्मनीत ड्रेस्डेनच्या एका कारखान्यात १८८८ मध्ये दिवसाला साठ हजार अंडी फुटत असत. मला तर वाटतं, त्या काळातल्या कोंबड्यांइतकी कलेची सेवा कोणी केली नसेल. आणि त्यांचं नाव कुठल्याच अल्बममध्ये नाही.

तर ही रीत मला सोयीची होती. या कागदाला अंधारखोली लागत नाही, मोठं करण्याचं यंत्र लागत नाही. हा कागद इतका मंद की त्याला दिव्याचा उजेड पुरतच नाही, ऊन लागतं. निगेटिव्ह कागदावर दाबून उन्हात ठेवायची, बस्स. म्हणूनच तेव्हा जेवढी काच तेवढाच फोटो निघे. मोठा फोटो हवा तर मोठा कॅमेरा. अमेरिकेत कार्लटन वॉटकिन्सनं १८६१ मध्ये अठरा बाय बावीस इंची काचा खेचरांच्या पाठीवर लादून योसेमिटीच्या दरीत नेल्या, त्या याचसाठी. ते फोटो पूर्वेकडच्या शहरांत पोचले, ज्यांनी ती दरी जन्मात पाहिली नव्हती त्यांनी ते पाहिले, आणि १८६४ मध्ये लिंकननं ती दरी राखून ठेवण्याच्या कायद्यावर सही केली. त्या प्रिंट्सचा त्यात हात होता असं मानतात. शेजारची हेचहेची दरी मात्र पुढे धरणात गेलीच. हे वाचताना मला आमची काच आठवली. एक दरी कागदावर आली म्हणून वाचली. आमची बुडाली, आणि अजून कागदावरही यायची होती.

एवढं सगळं मी हिला सांगितलं. लिंकनपाशी ती जरा विरघळली.

“करा,” ती म्हणाली. “पण गच्चीवर. आणि माझ्या भांड्यांना हात लावायचा नाही.”

पहिल्याच दिवशी मी रवीला हात लावला. पुस्तकात लिहिलं होतं की बलक फेस होईस्तोवर घुसळावा. आता घुसळायचं म्हटल्यावर मराठी माणसाला रवीखेरीज काय आठवणार? ताकाच्या रवीनं मी अठरा अंड्यांचे बलक घुसळले. त्यात घातला नवसागर. हो, कल्हईवाल्याचा तोच नवसागर. फोटोलाही मिठाच्या जागी तो चालतो. फेस रात्रभर बसू दिला, पंचातून गाळला आणि बरणी आठवडाभर फ्रिजमध्ये मुरत ठेवली. त्या आठवड्यात आमच्याकडे ताक झालं नाही. नवी रवी आली, आणि जुनी रवी ‘तुमची’ म्हणून गच्चीवर खुंटीला लागली.

उरलेल्या अठरा पिवळ्या बलकांचं काय करायचं, हा प्रश्न पुस्तकात नव्हता. खालच्या वॉचमनच्या घरी दोन दिवस भुर्जीचा वास येत होता, एवढंच सांगतो.

त्यानंतर चांदी. सिल्व्हर नायट्रेटचं पाणी कागदाला लावताना हातमोजे घाला, असं पुस्तकात बजावलेलं होतं. पण आपल्याकडे पुस्तकं वाचायची असतात, ऐकायची नसतात. दुसऱ्या दिवशी उन्हात गेलो आणि माझी दहाही बोटं शाई लावल्यासारखी काळी पडली. साबणानं जाईना, लिंबानं जाईना. मतदानाच्या वेळी बोटाला लावतात त्या शाईतही हेच सिल्व्हर नायट्रेट असतं, ते का जात नाही हे मला तेव्हा कळलं. त्याच आठवड्यात एका मुंजीला जावं लागलं. बटूला अक्षता टाकायला हात पुढे केला तर शेजारचे गृहस्थ म्हणाले, “काय हो, दहा वेळा मत दिलंत की काय?”

आणि मग सोनं. चांदीचा फोटो नुसता ठेवला तर तांबूस-विटकरी दिसतो आणि टिकतही नाही. म्हणून तो सोन्याच्या क्लोराइडच्या पाण्यातून काढतात. मग त्याला जांभूळ पिकल्यासारखा रंग येतो. त्या काळातले चांगले फोटो दीडशे वर्षांनीही तेज धरून आहेत त्यात या सोन्याचा वाटा आहे. एवढीशी बाटली, पण तिच्या बिलाची पावती हिच्या हाती लागली.

“सोनं?” ही म्हणाली. “फोटोला सोनं? लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली, पाटल्या मोडून घर घेतलं, तेव्हा म्हणालात, पुढच्या वर्षी करू. आणि आता गावाला सोन्याचं पाणी?”

यावर मी काही बोललो नाही. काही पावत्यांना व्हाउचर नसतं.

वैशाखाचं ऊन होतं. गच्चीवर हिचं वाळवण चाललेलं: एका चादरीवर कुरडया, दुसरीवर सांडगे, आणि मधल्या हातभर जागेत सुताराकडून करून घेतलेली माझी चौकट. या चौकटीची पाठ बिजागरीनं अर्धी उघडते. अर्धी पाठ उघडून कागद उचलून पाहायचा, चित्र किती उमटलं ते बघायचं, आणि पुन्हा मिटायची. दुसरी अर्धी बाजू कागदाला घट्ट धरून ठेवते, म्हणजे कागद हलत नाही. मी पहिल्याच वेळी घाईत दोन्ही पाठी उघडल्या. परत मिटल्या तेव्हा कागद दोन सूत सरकला होता. त्या फोटोत आमच्या गावाला दोन देवळं आहेत.

दुसरा फोटो फारच सुंदर आला. चौकटीत पाहिलं तर घरं, झाडं, बांध, सगळं जिथल्या तिथं, जेवढं हवं तेवढंच गडद. मी आनंदानं तो काढला, धुतला, सोन्यातून काढला, हायपोत टाकला, आणि बघता बघता गाव फिकट होत होत धुक्यात गेलं. तिसऱ्याचंही तेच. मी डोक्याला हात लावून बसलो. म्हणजे कपाळही काळं झालं.

ही कुरडया उलटत होती. तिनं माझ्या बशीत डोकावून पाहिलं.

“किती वेळ ठेवलंत उन्हात?”

“बरोबर दिसलं तेव्हा काढलं.”

“तिथंच चुकलं,” ती म्हणाली. “लोणचं घालताना मीठ चाखून बरोबर लागलं तर ते लोणचं बिघडतं. चाखताना थोडं पुढंच असायला हवं. मुरल्यावर बरोबर लागतं.”

मी चटकन पुस्तक उघडलं. तीनशे पानांच्या इंग्रजी पुस्तकात एका कोपऱ्यात हेच लिहिलेलं होतं: हवा त्याहून गडद छापा, पुढच्या पाण्यांत तो उतरतो. हिनं ते न वाचता सांगितलं. त्या दिवसापासून माझा फोटो उन्हातून कधी काढायचा हे ही ठरवू लागली. कुरडईवर बोट टेकवायची, आभाळाकडे बघायची आणि म्हणायची, “अजून थोडं.” ब्लांकार-एव्रारनं १८५१ मध्ये लील गावाजवळ फोटो छापायचा कारखाना काढला, त्यात कामाला पुष्कळ बायका होत्या. का होत्या, हे मला आता कोणी सांगायला नको.

सातवा फोटो जमला. तासभर वाहत्या पाण्यात धुतला (पाणी येण्याची वेळ सांभाळून), वाळवला, आणि पुठ्ठ्यावर डकवून आत्याकडे नेला.

आत्यानं तो दोन्ही हातांत धरला. आधी काही बोललीच नाही. मग भिंग मागवलं. “हा आमचा सोपा... ही खालची आळी... ही विहीर, हिच्यात माझी घागर आहे अजून... आणि हे देऊळ.” भिंग सरकत सरकत वर गेलं, डोंगराच्या कडेपाशी थांबलं, आणि तिनं विचारलं, “आभाळ कुठाय रे?”

आता आली का पंचाईत! फोटोत डोंगराच्या वर सगळा कोरा कागद. मी तिला समजावलं. जुन्या काचांचा हा दोषच होता. त्यांना निळा रंग फार लवकर दिसे. जमीन नीट उमटेपर्यंत आभाळ जळून गेलेलं असे, निगेटिव्हवर काळं ठिक्कर आणि कागदावर पांढरं फटक. म्हणून त्या काळातले डोंगर असे कोऱ्या कागदाखाली उभे दिसतात. त्यांच्यावर काय ढग नव्हते?

“ते असेल,” आत्या म्हणाली. “पण आमचं आभाळ पांढरं नव्हतं.”

मी पुन्हा वाचनालयात. फार जणांना या कोऱ्या आभाळानं छळलं होतं असं दिसलं. लिनियस ट्राइप नावाचा मद्रासच्या फौजेतला कप्तान १८५५ मध्ये ब्रह्मदेशात फोटो घेत होता. तो चक्क कागदी निगेटिव्हवर रंगानं ढग काढायचा. आणि पॅरिसचा गुस्ताव ल ग्रे तर सगळ्यांवर कडी. १८५६-५७ मध्ये यानं समुद्राचे फोटो काढले. त्यातल्या काहींत समुद्राची निगेटिव्ह वेगळी आणि आभाळाची वेगळी; कागदावर आधी एक छापायची, मग ती झाकून दुसरी, आणि सांधा बरोबर क्षितिजाच्या रेघेवर लपवायचा. लोक थक्क झाले. पठ्ठ्यानं एकच आभाळ एकाहून जास्त समुद्रांवर पांघरलं होतं! त्याचं पुढे काही धड झालं नाही. १८६० मध्ये धंदा बुडाला, कादंबरीकार द्युमाबरोबर बोटीनं निघाला, वाटेत माल्टाला द्युमानं त्याला उतरवून दिलं, आणि शेवटी १८८४ मध्ये कैरोत वारला. त्याच्या एका लाटेला १९९९ मध्ये लंडनच्या लिलावात पाच लाख पौंडांच्या वर किंमत आली. आभाळ उसनं आणलेलं, हे माहीत असूनही.

मग मी ठरवलं, आत्यासाठी आभाळ आणायचं. पण त्या रात्री मला झोप येईना. छत्तीस वर्षं बँकेत काढली, एक खोटी एंट्री केली नाही. आणि आता थेट आभाळाची खोटी एंट्री? पुण्याच्या गच्चीवरचा ढग कोयनेच्या खात्यात जमा? ऑडिटर म्हणून समोर आत्या! हिला उठवून विचारलं. ती कूस बदलून म्हणाली, “ल ग्रेला झोप येत होती ना? मग झोपा.”

जूनच्या पहिल्या आठवड्यात एका संध्याकाळी सिंहगडाच्या अंगाला झकास ढग आला. नातवानं तो टिपला, पारदर्शक कागदावर निगेटिव्ह करून दिला. मी काळा कागद कातरून डोंगराची कड झाकली आणि दुसऱ्यांदा उन्हात छापलं. तेव्हा ल ग्रेची खरी हुशारी कळली: त्यानं समुद्र निवडला होता. समुद्राचं क्षितिज पट्टीनं आखल्यासारखं सरळ असतं. आमचा सह्याद्री पडला दातेरी, त्यात देवळाचा कळस मध्येच वर आलेला. पाच कागद वाया गेले. एकात कळस ढगात विरघळला, एकात डोंगरामागे दुसरा डोंगर उगवला. सहावा मात्र असा आला की ही पण म्हणाली, “बाई गं!”

मी दोन्ही फोटो घेऊन आत्याकडे गेलो, एक कोरा, एक ढगाचा. ही बरोबर होती. आत्यानं ढगाचा फोटो भिंगाखाली धरला आणि बराच वेळ पाहिला.

“छान आहे,” ती म्हणाली. “पण हा ढग आमचा नव्हे.”

“कशावरून?”

“हा नुसता उभा आहे. आमच्याकडचा असा उभा राहत नाही. तो त्या खिंडीतून येतो, देवळावर टेकतो, आणि तू छत्री उघडेस्तोवर पडतो.” तिनं तो फोटो माझ्या हातात परत दिला आणि कोरा आपल्याजवळ ओढला. “हा राहू दे. यात मला माझा ढग आणता येतो.”

पाच लाख पौंडांच्या विद्येचा असा निकाल लागला. मला वाईट वाटायला हवं होतं. पण ती त्या कोऱ्या कागदाकडे ज्या नजरेनं बघत होती, तिकडे पाहून मी गप्प बसलो. जमीन छापणं हे माझं काम होतं, ते झालं होतं.

पण खरा प्रसंग पुढेच होता. आत्या फोटो घेऊन उठली, भिंतीला धरत धरत देवघराशी गेली आणि तो सरळ अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण यांच्या मध्ये उभा केला. “देऊळ आहे त्यात,” ती म्हणाली. “देवी पाण्यात गेल्यापासून हिला नमस्कार झाला नव्हता माझा.” आणि कुंकवाच्या करंड्याला हात घातला.

मी हिच्याकडे पाहिलं. हिनं माझ्याकडे पाहिलं. अठरा अंडी आमच्या दोघांच्या डोळ्यांसमोर फुटली. नव्वद वर्षांची सोवळ्यातली बाई, आणि तिच्या देवांत आम्ही अंडं बसवलेलं! बोलावं तरी पाप, न बोलावं तरी पाप. मी घसा खाकरला. “आत्या... तो कागद जरा... म्हणजे त्याला जे लावलंय ना, ते...”

“अंडं आहे,” आत्या म्हणाली. “नाकाशी धरला तेव्हाच वास आला.”

“मग देवघरात...?”

आत्यानं फोटोच्या कडेला, देवळाच्या बाजूनं, कुंकवाचं बोट टेकवलं.

“अरे बाळ्या, आमच्या देवीला जत्रेत कोंबडं असायचं. तिला अंड्याचं काय सांगतोस?” मग हिच्याकडे वळून म्हणाली, “बाळकृष्णाला तेवढा जरा पलीकडे सरकव गं. तो आपल्यातला आहे.”